काच, पत्रा आणि तळहातावरचं ऊन

शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक झाली ती इंदापूर तालुक्यात, कळसच्या शिवारातल्या एका वाडीवरच्या शाळेत. नव्वद सालानंतरची सुरुवातीची वर्षं होती. मी बारामतीत वाढलेली, डी.एड. नुकतंच झालेलं. सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि उसाच्या कडेकडेनं चालत शाळा गाठायची. दोन खोल्या, त्यातल्याच एका कोपऱ्यात ऑफिस, पुढं कौलारू पडवी, अंगणात लिंबाचं झाड. शिक्षक आम्ही दोघंच. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडं आणि तिसरी-चौथी माझ्याकडं.

मुख्याध्यापकांना सगळी वाडी गुरुजी म्हणायची. ते इंदापूरचे, मुसलमान घरातले. वडिलांचं तिथं बांगड्यांचं दुकान होतं, ते भाऊ सांभाळायचे. हे मात्र मास्तरकीत रमले होते. उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. सुरुवातीला मला त्यांची भीतीच वाटायची.

शाळेच्या पडवीत रोज एक मुलगी बसलेली असायची. आठ-नऊ वर्षांची, भिंतीला पाठ टेकवून, पाय पुढं पसरून. तिला दिसत नव्हतं. अगदी लहान असताना गोवर निघाला आणि डोळे गेले, एवढंच घरचे सांगायचे. आईवडील दिवसभर शेतात. घरी आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत. एकेकाळी त्यांच्या घरात मेंढरांचा मोठा कळप होता. आता जमीन कसायला लागल्यापासून थोडीशीच मेंढरं उरली होती, आणि आबा ती शाळेमागच्या पडीक रानात चारायचे. रानात विहिरीला कठडा नव्हता, म्हणून नातीला ते पडवीत बसवून जायचे.

"हितं बसंल गुमान," पहिल्याच दिवशी आबा मला म्हणाले. "तुमाला काय तरास न्हाय व्हायचा, बाई."

तिचं नाव पटावर नव्हतं. मी गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "अशा मुलांची शाळा पुण्याला असते. घरचे धाडायला तयार नाहीत. इथं बसते, ऐकते. तेवढं तरी होऊ दे."

ऐकते म्हणजे किती ऐकते, ते मला हळूहळू कळायला लागलं. आत पाढे चालले आणि कुणी अडखळलं की बाहेरून बारीक आवाजात पुढचा आकडा यायचा. मुलं हसायची. मलाही गंमत वाटायची. पण तिला आत बोलवावं, हे मला सुचलं नाही. ते सुचलं तिचं तिलाच.

थंडीचे दिवस होते. परिसर अभ्यासात वस्तूंच्या वर्गीकरणाचा पाठ आला. कठीण-मऊ, खरबरीत-गुळगुळीत, पाण्यात बुडणारे-तरंगणारे, असं सगळं. पुस्तकात चित्रं होती. मी मुलांना सांगितलं, घरातून एकेक वस्तू घेऊन या. दुसऱ्या दिवशी घमेलं भरलं. ट्रॅक्टरचा बोल्ट, गुळाचा खडा, कापूस, फुटकं कौल, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, मेणबत्ती, घोंगडीचा कोपरा, बाभळीच्या लाकडाची ढलपी, संपलेला सेल, नदीतला गोटा, कुणाच्या तरी आईची काचेची बांगडी. शाळा सुटताना मी घमेलं पडवीतच ठेवलं आणि सकाळी तिथंच पाठ घ्यायला बसले.

"हे कठीण की मऊ?" मी एकेक वस्तू वर धरून विचारत होते आणि मुलं एका सुरात ओरडत होती. कठीणचा एक ढीग, मऊचा एक ढीग. पाठ झपाट्यानं पुढं सरकत होता, आणि खरं सांगायचं तर कुणी काही शिकत नव्हतं. बोल्ट बघितला की हात न लावताच मुलं ओरडायची, कठीण!

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "बाई, मला बी द्या की."

मी घमेलं उचलून तिच्यापुढं ठेवलं. तिनं दोन्ही हात आत घातले, पण लगेच काही काढलं नाही. आधी विचारलं, "कशानं येगळं करायचं?"

"म्हणजे?"

"म्हंजी हाताला कसं लागतंय त्यानं, का जड-हलकं, का आवाज कसा येतोय त्यानं?"

मी म्हटलं, "तुला वाटेल तसं कर."

तिनं घोंगडीचा कोपरा काढला आणि कौलाशेजारी ठेवला. मुलं फिदीफिदी हसायला लागली. घोंगडी आणि कौल एका ढिगात!

"दोनी खरबरीत हायती," ती शांतपणे म्हणाली. बांगडी, गोटा आणि मेणबत्ती दुसरीकडं गेली. "ही गुळगुळीत." मग तिनं दोन्ही ढीग एकत्र केले, पुन्हा चाचपले आणि नव्यानं मांडले. या वेळी घोंगडी कापसाजवळ गेली. "आता दाबून बघितलं. ही दबतीया, कौल दबत न्हाय." पुन्हा मोडलं. आता घोंगडी मेणबत्तीजवळ. "दोनी हलकी."

मुलांचं हसणं थांबलं होतं. एकच घोंगडी तिसऱ्या ठिकाणी जाऊन बसली होती आणि तिन्ही वेळा बरोबर होती. वस्तूची जागा ठरलेली नसते, आपण तिला काय विचारतो त्यावर ती ठरते, ही गोष्ट मी डी.एड.ला वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण ती अशी हातांनी मांडलेली मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथंच फरशीवर तिच्यासमोर मांडी घालून बसले.

मग मुलांनाही राहवेना. कुणी रुमाल काढला, कुणी टॉवेलची पट्टी केली, सगळ्यांनी डोळे बांधून घेतले. पडवीत नुसती चाचपाचाचपी. कुणी सेलला बोल्ट म्हटलं, कुणी गुळाला गोटा. ती मधे बसून सांगत होती, "वाजवून बघ. नखानं वाजव. बांगडी किणकिण करती, मेणबत्ती बद्द वाजती."

त्या दिवसापासून ती वर्गात बसायला लागली. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. सकाळी आबांनी पडवीत सोडलं की भिंतीला हात लावत ती आत यायची आणि मुली सरकून जागा करायच्या.

तो पाठ पुस्तकात चार पानांचा होता, आमच्याकडं तो संपेचना. एका सकाळी तिनं बोल्ट आणि लाकडाची ढलपी दोन हातांत धरली आणि म्हणाली, "बाई, रातभर दोनी एकाच घमेल्यात व्हती न्हवं?"

"हो."

"मग ह्यो बोल्ट एवढा गार, आन् लाकूड का न्हाय?"

मी म्हटलं, विचारून सांगते. मधल्या सुट्टीत गुरुजींना विचारलं. डबा बाजूला ठेवून ते म्हणाले, "दोन्ही सारखीच गार असतात. लोखंड हाताची ऊब चटकन ओढून घेतं, म्हणून ते जास्त गार वाटतं. लाकूड ओढत नाही." मग उठून ते स्वतःच माझ्या वर्गात आले आणि मुलांना हे समजावून सांगितलं.

"म्हंजी लोखांड ऊब चोरतंय व्हय?" ती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अडचण आली ती पुढच्या पानावर. पारदर्शक आणि अपारदर्शक. मी ते पान मुद्दाम भराभर उरकायचं ठरवलं होतं. एका मुलाला वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं, "ज्या वस्तूंमधून पलीकडचे दिसते त्यांना पारदर्शक म्हणतात." मी लगेच पुढचा उतारा दाखवला. पण तिचा हात वर गेला होता.

"बाई, दिसतं म्हंजी पलीकडलं हितं येतं का?"

मुलंसुद्धा माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "उद्या सांगते." तिनं मान हलवून हात खाली घेतला. रागावली नाही, हट्ट केला नाही. तिला उद्याची खात्री होती, आणि तीच मला जड झाली.

शाळा सुटल्यावर मी गुरुजींना सगळं सांगितलं. म्हटलं, "हा एक गुणधर्म तिला कसा शिकवणार? हा डोळ्यांचाच आहे."

गुरुजी दारात जाऊन उभे राहिले. बाहेर ऊन कलत होतं. ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "दुकानात लहानपणी आम्ही काचेच्या पेटीवर हात ठेवून बसायचो. उन्हाळ्यात पेटीच्या आतल्या बांगड्या तापायच्या." एवढंच बोलले आणि सायकल काढून गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी पोचले तेव्हा गुरुजींनी ऑफिसातल्या वेळापत्रकाच्या चौकटीची काच काढून धुऊन पुसून ठेवली होती. शेजारी तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, धुरानं काळा पडलेला. एक फळी. आणि एका मुलीकडून तेल लावून घेतलेला वहीचा कागद. आबाही थांबले होते. मेंढरं त्यांनी शेजारच्या पोराच्या हवाली केली होती.

गुरुजींनी तिला अंगणात उन्हात बसवलं आणि तळहात वर करून धरायला सांगितला. "काय लागतंय?"

"ऊन."

त्यांनी फळी तिच्या हातावर, न टेकवता, धरली. "आता?"

"गेलं."

फळी काढली, काच धरली. ती तळहात तसाच धरून राहिली. मग तिनंच विचारलं, "काय धरलंय का न्हाय?"

"धरलंय. वरून हात लाव."

तिनं दुसऱ्या हातानं वरची काच चाचपली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. भुवया वर गेल्या, तोंड किंचित उघडं. वर गुळगुळीत काच, हाताला न भेदता येणारी, आणि खाली तळहातावर ऊन जसंच्या तसं. ती पुन्हा पुन्हा काच चाचपत राहिली. "मधी काच हाय, तरी येतंय," ती म्हणाली. "हात न्हाय जात, ऊन जातंय."

"म्हणून काच पारदर्शक," गुरुजी म्हणाले. "जसं ऊन जातं, तसंच पलीकडचं दिसणंही येतं. दिसणं म्हणजे उजेडच. उजेड पलीकडून निघतो आणि काचेतून डोळ्यापर्यंत येतो."

"म्हंजी येतंच की पलीकडलं हितं."

"येतं," गुरुजी म्हणाले.

मग तेलाचा कागद धरला. ती विचार करून म्हणाली, "थोडं येतंय. पातळ झालंय ऊन." कुणीतरी ओढणी दिली, एक पदर, मग दुमडून दोन पदर. तिनं दोन्हींतला फरक सांगितला. मधेच एक ढग आला, तेव्हा आम्हाला कळायच्या आत ती म्हणाली, "वर कायतरी आलं, ह्याच्याबी वर."

शेवटी पत्रा. "न्हाय येत," ती म्हणाली. गुरुजींनी तो तसाच धरून ठेवला. थोड्या वेळानं ती जरा हलली. "आता ऊब लागतीया."

मी मनातून घाबरले. आता ही पत्र्यालाही पारदर्शक म्हणणार, आणि सगळा गोंधळ होणार. मी मधे बोलणार तेवढ्यात गुरुजींनी मला हातानं थांबवलं.

ती म्हणाली, "पर ही ऊब येगळी हाय. काच धरली तवा लगोलग आली. काच काढली तरी बी तशीच ऱ्हायली. ही उशिरा आली." तिनं हात वर नेऊन पत्र्याला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "ह्यो सोता तापलाय. ऊन ह्यातनं न्हाय आलं. ह्यानं घेतलं, आन् मग आपलं दिलं."

गुरुजींनी पत्रा खाली ठेवला आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "पुन्हा सांग," ते म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, तसंच, जरा सावकाश. आबांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण गुरुजींचा चेहरा त्यांना कळला. त्यांनी पटक्याचा शेव डोळ्याला लावला आणि म्हणाले, "गुरुजी, चुकली का वो पोरगी?"

"नाही आबा," गुरुजी म्हणाले. "चुकली नाही."

त्याच दिवशी गुरुजींनी तिचं नाव पटावर घातलं. वरून विचारणा होईल, असं मी म्हटलं तर ते म्हणाले, "होऊ दे. उत्तर मी देईन." विचारणा झाली आणि त्यांनी उत्तरही दिलं. तिची परीक्षा तोंडी घेतली. पण त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही, की आम्ही दोघं मिळून तिला फार दूर नेऊ शकत नव्हतो. तिला लिहायला-वाचायला पाहिजे होतं, आणि ते आमच्या हातात नव्हतं.

आबांना समजावायला उन्हाळा गेला. आईवडिलांनी सगळं आबांवर सोडलं होतं, आणि आबा हलायला तयार नव्हते. गुरुजी सायकलवरून त्यांच्या वस्तीवर जायचे, बाजेवर बसायचे, चहा प्यायचे. मीही एक-दोनदा बरोबर गेले.

"हितं तिला समदी वाट ठावं हाय," आबा म्हणायचे. "विहीर कुठं, बांध कुठं. तितं तिचं कोण हाय?"

"तुम्ही एकदा नुसतं बघायला चला," गुरुजी म्हणायचे. "नाही पटलं तर हिला त्याच दिवशी मी परत आणतो."

शेवटी जूनमध्ये आम्ही चौघं निघालो. बारामतीला एसटी बदलून पुण्याला. गाडीत आबा तिचा हात धरून बसले होते. ती मात्र खिडकीतून येणारे वास सांगत होती, इथं गुऱ्हाळ, इथं डांबर.

अंध मुलींची ती शाळा साधीच होती. दगडी इमारत, स्वच्छ फरशी, जिन्याला लोखंडी कठडा. आम्हाला एका खोलीत बसवलं. तिथले एक शिक्षक आले, चाळिशीचे. स्वतः अंध. आबांना ते आधी कळलंच नाही. शिक्षकांनी नमस्कार केला, प्रवासाची चौकशी केली, आणि आम्ही बोलत असतानाच टेबलावरची किटली उचलून कपांत चहा ओतायला लागले. तेव्हा आबा एकदम सावरून बसले. हळूच गुरुजींच्या कानाशी म्हणाले, "ह्यांना दिसत न्हाय?"

गुरुजींनी मान हलवली.

आबा त्या किटलीकडं बघत राहिले. एकेक कप काठाच्या जरा खाली येऊन थांबत होता. बशीत एक थेंब नाही. शेवटचा कप आबांसमोर आला, तेव्हा त्यांना राहवलं नाही. "सायेब, भरलाय हे कळतं कसं तुमाला?"

"आवाज चढतो, आबा," शिक्षक म्हणाले. "कप भरत आला की धारेचा आवाज बारीक होतो."

"घागर भरताना बी व्हतोय तसा," ती मधेच म्हणाली. "मला ठावं हाय."

शिक्षक तिच्या आवाजाकडं वळले. "आणखी काय ठाऊक आहे तुला?"

मग ती बोलायला लागली. लोखंडाचं, काचेचं, उशिरा येणाऱ्या उबेचं. शिक्षक मधे मधे विचारत होते आणि ती सांगत होती. चहा गार झाला. आबांनी तो तसाच एका घोटात संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हिला. हितं शिकंल ही."

परतताना गाडीत आबा मधल्या बाकावर एकटेच बसले. गुरुजींनी त्यांच्या शेजारी जाऊन काही बोलायचा प्रयत्न केला नाही, आणि मला ते बरं वाटलं. पाटस गेल्यावर आबाच मागं वळून म्हणाले, "गुरुजी, त्या मास्तरनं सांडला न्हाय बघा एक थेंब."

ती तिथं टिकली. नुसती टिकली नाही, पुढं गेली. मी नंतर बदली होऊन बारामती तालुक्यात कऱ्हाटीला गेले, गुरुजी निवृत्त झाले, पण तिच्या बातम्या यायच्या. ती शिकत गेली, आणि पुढं पुण्यातच एका कार्यालयात टेलिफोनवर नोकरीला लागली. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात हुशार मुलं पुष्कळ आली. पण ठाऊक नसलेल्या गोष्टीपाशी इतकं न घाबरता थांबणारं, ती चाचपून बघणारं मूल मला फार थोडं भेटलं. आणि गुरुजींसारखा माणूसही. एका मुलीच्या एका प्रश्नासाठी त्यांनी ऑफिसातली चौकट मोकळी केली होती. वेळापत्रक पुढं महिनाभर खिळ्याला तसंच फडफडत होतं.

पुण्याला गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत ती घरी आली होती. भाऊबीज झाली होती. गुरुजी आणि मी तिला भेटायला वस्तीवर गेलो. अंगणात बाजेवर ती बसली होती, मांडीवर जाड कागद, आणि टोच्यानं ठिपके पाडत होती. सहा ठिपक्यांत सगळी अक्षरं कशी बसतात, ते तिनं आम्हाला दाखवलं. माझ्या बोटांना नुसतं पुरळ आल्यासारखं लागलं. गुरुजींनी डोळे मिटून बराच वेळ प्रयत्न केला आणि एक अक्षर ओळखलं, तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या.

मग तिनं कागद आबांच्या हाती दिला. आबांनी अंगठा फिरवला, बोटं फिरवली. जन्मभर दोऱ्या ओढून आणि कुदळ धरून ती बोटं निबर झाली होती. "मला काय लागंना बाळे," ते म्हणाले. "माजं कातडं जाड झालंय."

ती उठून आत गेली आणि मूठभर ज्वारी, बाभळीचा डिंक आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आली. डिंकात बुडवून तिनं ज्वारीचे दाणे एकेक करून पुठ्ठ्यावर चिकटवले. तीन दाणे, जरा जागा सोडून दोन, मग पुन्हा तीन. वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. वाळल्यावर आबांचा हात धरून त्यांचं बोट पहिल्या दाण्यावर ठेवलं.

"आता?"

आबा बोट फिरवत राहिले. पुढं गेले, मागं आले. "पयलं आन् शेवटचं एकसारकं हाय," ते म्हणाले. "मधलं येगळं."

"व्हय. आ, मग ब, मग ब-चा काना."

आबा शिकायला कधी शाळेत गेले नव्हते. ते पुन्हा पहिल्या दाण्यावर आले. ओठ हलत होते. सून दारात येऊन म्हणाली, "मामंजी, ताट वाढलंय. चला की, पाव्हणं बी थांबल्यात."

"थांब गं जरा," आबा म्हणाले. "वाचतोय मी."